छोटेलालची बाग

धनवंतानं पदरानं चष्मा पुसला आणि सून नीतूच्या हातातल्या मोबाइलवर नजर लावली. दरेकसा गावातल्या तिच्या अंगणात समुद्र येऊन ठेपला होता. तिचा एकुलता एक कैलाश कामानिमित्त तिकडं गेला होता आणि बाप जिथं राबला ती बाग व्हिडिओवर दाखवत फिरत होता.

"पाय ना माय, केवढी गर्दी हाय!"

गर्दी खरीच होती. लाटांकडे तोंड करून बसलेले म्हातारे, हिरवळीवर लोळणारी पोरं, भेळवाल्याभोवती कोंडाळं. कैलाशच्या शेजारी बागेचा जुना माळी उभा होता.

"इथं नुसती वाळू होती," तो सांगत होता. "खाऱ्या वाऱ्यात रोप टिकत नसे. छोटेलालनं आधी सुरूच्या झाडांची रांग धरली, तिच्या आडोशाला लाल माती भरली. मग कुठं बाग झाली."

धनवंताला हसू आलं. तिचा नवरा छोटेलाल घरी यायचा तो फक्त भाताच्या रोवणीला. सारी जवानी त्यानं त्या वाळूत घातली. लोक नाही नाही ते बोलत, तिनं कधी कान दिला नाही. म्हातारपणी तो घरी परतला आणि मागल्या हिवाळ्यात वारला. माणूस इमानी होता, एवढ्या एका गोष्टीवर ती अजून उभी होती.

"माय, हे पाय! मोहाचं झाड! समुद्राच्या काठावर!"

"छोटेलालनंच लावला," माळी म्हणाला. "बी गावाहून आणलं होतं. दुसऱ्या कोणाला पाणीसुद्धा घालू देत नसे."

धनवंतानं अंगणापलीकडच्या बांधाकडं पाहिलं. ह्या घरात मोह कोणी उगाच लावत नसे. पोर जन्मलं की बापानं आपल्या हातानं बी पेरायचं, आपणच वाढवायचं. कैलाशचा मोह बांधावर होता, त्याच्या शेजारी नातवाचा. आणखी एकाचं काही कारणच नव्हतं.

"बाबाले गावची याद येत असंल," कैलाश म्हणाला.

धनवंता मोबाइलजवळ सरकली.

"भाऊ, पोरगा झाला होता का पोरगी?"

माळ्यानं फाटकाकडं मान फिरवली.

"मुलगी. फाटकावर तिकिटं देते ना, ती."

नीतूनं फोन बंद करायला बोट पुढं केलं. धनवंतानं तिचं मनगट धरलं.

"कैलाश, फोन तिच्यापाशी ने," ती म्हणाली. "बाप मेला म्हणून तिले कोणी सांगतलं का नाही, मले पुसू दे."