सोळाव्या शुक्रवारचा डबा

मी विभावरीचा पितळी डबा बोलतोय. आधीच सांगतो, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. झाकणाआड काय काय लपवता येतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

माझा जन्म पुण्यातला, हातोडीचे ठोके खात झालेला. विभावरीच्या आईने मला आतून कल्हई करून घेतली आणि लेकीच्या बॅगेत, साड्यांच्या घड्यांत घातलं. अशी माझी स्वारी शारजात आली. तिथल्या रोल्ला भागातल्या फ्लॅटमधली काचेची भांडी मला म्हातारा समजतात. समजोत. शुक्रवार माझा असतो. त्या दिवशी देवीपुढे गूळ-चणे माझ्यातच ठेवतात.

गेल्या मार्चमध्ये विभावरीच्या नवऱ्याची, सदानंदची, कंपनी बंद पडली. नवी नोकरी मिळाली नाही तर व्हिसा संपणार आणि गाशा गुंडाळून परत जायचं. विभावरीने संतोषीमातेचे सोळा शुक्रवार धरले. दिवसातून एकदा जेवण. आंबट खायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, हातही लावायचा नाही. पंधरा शुक्रवार नीट पार पडले. अबुधाबीच्या एका कंपनीत सदानंदची मुलाखतही झाली. आता फक्त उत्तर यायचं होतं.

शेजारच्या दारात वसईची रेजिना राहते. तिच्यावर माझी पहिल्यापासून बारीक नजर. आमच्या मजल्यावर कुणाचा डबा रिकामा परत जात नाही, त्यामुळे मी महिन्यातून दोनदा तरी तिच्या ओट्यावर असतोच. सोळाव्या शुक्रवारच्या आदल्या दुपारीही होतो. तिने मला आतबाहेर न्याहाळलं आणि वाटीत चिंच भिजवली.

मी मनात म्हटलं, झालं! चार महिन्यांचं पुण्य बुडवायला निघाली ही बाई. मला घासताना गालातल्या गालात हसतही होती. मग खजूर भरून मला परत दिलं, चिंचेचं अवाक्षर न काढता.

सकाळी देवीपुढे मीच होतो. ओरडून सांगावं तर तोंड आहे, आवाज नाही.

पूजा झाल्यावर मैत्रिणी दिवसभरासाठी अबुधाबीला निघाल्या. जून संपत आलेला, गाडीतला एसी धापा टाकत होता. गाडी तहसीन चालवत होती, मूळची रत्नागिरीची. बेत रेजिनाचा. तिथलं कॅथेड्रल दाखवायचं आणि सदानंदसाठी मेणबत्ती लावायची. एका नोकरीसाठी दोन दारी अर्ज? मला त्यातही काळंबेरं दिसलं.

"विभा, कोकम सरबत घे गं," तहसीन म्हणाली.

"नको बाई, आज शुक्रवार."

"हिच्या नादाने मला शुक्रवारी माशाच्या आमटीत कोकम टाकायची भीती वाटते. यल्ला, चला, मीच पिते."

कॅथेड्रलच्या शेजारी मशीद, अंगणात मेरीची मूर्ती, पुढे मेणबत्त्या. मल्याळी, फिलिपिनो, गोव्याची माणसं डोळे मिटून उभी होती.

"वसईच्या चर्चसारखं जुनं नाही वाटत," विभावरी म्हणाली.

"इथे नुसती वाळू होती ना, तेव्हापासून लोक प्रार्थनेला येतात," रेजिना म्हणाली.

सावलीतल्या बाकावर बसून विभावरीने मला पिशवीतून काढलं.

"बघ कसा चमकतोय!" रेजिना खुशीत आली. "तासभर चिंचेने घासलाय. म्हटलं, तुझा शेवटचा शुक्रवार."

विभावरीचा हात झाकणावरच थांबला. "चिंचेने? अगं, आंबट ते! सकाळी देवीपुढे हाच डबा होता."

"खायचं नाही एवढंच मला ठाऊक. भांड्यालाही उपास असतो?"

तहसीनने हसू ओढणीत दाबलं. विभावरी हसली नाही.

"माझ्या उपासांना तू हसतेस, ते मला कळतं. मुद्दाम नाही ना केलंस?"

माझा जुना संशय तिच्या तोंडून बाहेर पडला होता. मला बरं वाटायला हवं होतं.

रेजिना उठली. मेणबत्ती लावली. सदानंदचं पूर्ण नाव घेतलं, विभावरीचं घेतलं आणि पुटपुटली, "मदर, ही गेली तर माझी बेल कोण वाजवणार? चूक माझी आहे. हिला शिक्षा नको."

मागोमाग येऊन उभ्या राहिलेल्या विभावरीने ते ऐकलं. तिच्या हातात मी होतो. माझी तर कल्हई उडाल्यासारखी झाली. ज्या हसण्याला मी कपट समजलो, ते मैत्रिणीला खूश करायच्या आनंदाचं होतं.

विभावरीने झाकण उघडलं आणि गूळ-चणे रेजिनाच्या ओंजळीत घातले.

"नवस मोडला ना गं?" रेजिनाने विचारलं.

"मोडला असेल तर मोडला. पुढच्या शुक्रवारी पहिल्यापासून धरते."

"आणि तोवर जावं लागलं तर?"

"उरलेले पुण्यात करीन. पण देवीला सांगणार आहे, चिंच मायेने लावलेली होती. तिला कळेल. तीही बाईच आहे."

"मला प्रसाद, की कोकमामुळे मी बाद?" तहसीनने हात पुढे केला.

"तू आधी चूळ भर!" दोघी एकदम म्हणाल्या.

कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही. आज नव्या मोजणीतला दुसरा शुक्रवार. विभावरी कहाणी वाचते आहे, रेजिना मुठीत चणे धरून ऐकते आहे आणि दर दोन ओळींनी विचारते आहे, "मग सासूने काय केलं?" पूजा लांबतेय. विभावरी रागावत नाही.

वाचणाऱ्या बायांनो, या पितळी म्हाताऱ्याची एक विनंती आहे. शेजारणीने तुमचं भांडं लख्ख करून आणलं तर तिला आधी आत बोलवा, पाणी द्या. कशाने घासलं, ते मग विचारा.