डावीकडचा भांग

ताईंच्या भावाने मागचं दार जेमतेम माणूस शिरेल एवढं उघडलं आणि हेअरवालीला आत घेऊन लगेच कडी लावली. पुढच्या फाटकाशी लोक ठाण मांडून बसले होते. त्यांच्यात आपल्या गल्लीतला इस्त्रीवालाही तिला दिसला होता.

"आई जाग्या आहेत?" तिने विचारलं.

"झोपते कुठे? माझ्याशी धड बोलत नाही. बोललीच तर एकच विचारते, कुठे ठेवलंयस तिला."

त्याची बहीण, अख्ख्या देशाची लाडकी नटी, झोपेतच गेली होती, हृदय बंद पडून. लोक धाय मोकलून रडले, आणि ते रडणं खरं होतं. पण रडून झाल्यावर माणसाला काहीतरी उद्योग लागतो. कोणीतरी अंत्यदर्शनाचा फोटो मोठा करून पाहिला आणि शोध लावला, की भांग उजवीकडे आहे. ताईंचा भांग कायम डावीकडे; शाळकरी पोरीसुद्धा त्यांचं पाहून तसाच पाडायच्या. मग काय, ज्याच्या हातात फोन तो हेर झाला. ती ताई नव्हेच, मेणाची बाहुली होती. इस्टेटीसाठी भावाने तिला कुठेतरी डांबून ठेवलंय. फाटकावर फलक लागला, 'ताईंना सोडा'. इथवर भावाने दातओठ खाऊन सोसलं होतं. मग तो फोटो आईने पाहिला.

हेअरवालीला मात्र फोटो बघताच आपली चूक कळली होती. वर्षानुवर्षं ती ताईंच्या खुर्चीमागे उभी राहिली होती. हाताला वळणच पडलं होतं: कंगव्याचं टोक आपल्या डावीकडे टेकवायचं आणि सरळ मागे ओढायचं. ताई गेल्या त्या सकाळी पलंगाची उशाकडची बाजू भिंतीला लागलेली होती, मागे उभं राहायला जागा नव्हती. तिने समोरून वाकून भांग पाडला, आपल्या डावीकडे. डोळ्यांतल्या पाण्याने धड दिसत नव्हतं आणि बाहेरून घाई चालली होती. ताईंचे केस आरशात न पाहता तिने तेवढे एकदाच विंचरले होते.

हे कोणाला सांगायचं म्हणजे लाजेने मेल्यासारखं होत होतं. शेवटचं एक काम, तेही हिला नीट जमलं नाही, असं लोक म्हणणार. पण भावाच्या घरावर दगड पडल्याचं ऐकलं तेव्हा तिला राहवेना. तिने फोन केला, तर तो फोनवरच हमसून रडला. जगाचं नंतर बघू, आधी आईला सांगा, म्हणाला.

आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. पडदा ओढलेला होता, तरी तोंड फाटकाच्या दिशेला. हेअरवाली तिच्या पायाशी बसली आणि तिने सगळं सांगितलं. मग उठून खुर्चीच्या मागे उभी राहिली, हात कुठे जातो ते दाखवलं. समोर आली, पुन्हा दाखवलं. आई लक्ष देऊन बघत होती.

"आई, चूक माझी आहे," ती म्हणाली. "ती ताईच होती. माझ्या हातांनी विंचरलंय मी तिला."

आणि तिला रडू कोसळलं.

आईने मुलाला पाणी आणायला पिटाळलं. तो गेल्याची खात्री करून ती खाली वाकली आणि हेअरवालीचे डोळे आपल्या पदराने पुसले. किती दिवसांत तिने कोणाला असा मायेने हात लावला नव्हता.

"तुलाही धमकावलंय का गं त्याने?" तिने हळूच विचारलं.

"नाही हो, आई. खरंच सांगतेय मी."

"असू दे. तुला पोरंबाळं आहेत, मला समजतं. ती आली की मी सांगेन तिला, हिचा नाइलाज होता. ती रागावणार नाही तुझ्यावर."

हेअरवाली काही बोलणार एवढ्यात भाऊ पाण्याचा तांब्या घेऊन दारात आला. तो एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला.

"पटलं का गं तुला?" त्याने विचारलं.

"पटलं रे," आई मोठ्याने म्हणाली. "माझंच चुकलं. उगाच संशय घेतला तुझ्यावर."

तांब्या तसाच जमिनीवर ठेवून तो गुडघ्यांवर बसला आणि आईच्या मांडीत डोकं खुपसून लहान पोरासारखा रडू लागला. तुम्ही माझी आई मला परत दिलीत, असं काहीसं तो मान वर न करताच हेअरवालीला म्हणाला.

आई एका हाताने त्याची पाठ थोपटत होती. दुसऱ्या हाताने तिने हेअरवालीचं मनगट घट्ट धरलं होतं, आणि त्याच्या डोक्यावरून तिच्याकडे बघत ती डोळ्यांनीच सांगत होती, की घाबरू नकोस, मी आहे.