लोड शेवटी

दुखण्यावरचं पहिलं करंटचं मशीन बायकोला लावण्याआधी वायरमनने ते स्वतःच्या मनगटावर लावून पाहिलं. बोटं आपोआप आखडली. "चालू आहे," असं म्हणत त्याने दोन पॅड तिच्या उजव्या पोटरीवर चिकटवले.

तिची कळ कंबरेतून निघून टाचेपर्यंत उतरायची. बावीस वर्षं ती शाळांचे गणवेश शिवत होती. शिलाई मशीनला मोटर लावलेली आणि तिचं पॅडल उजव्या पायाखाली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "दुखतंय तोवर गोळ्या आणि व्यायाम. घरी करंटचं मशीन लावलंत तरी चालेल. पण पाय बधिर झाला, पाऊल उचलेना झालं, तर त्याच दिवशी या. मग ऑपरेशनच करावं लागेल, आणि उशीर झाला तर पाय परत येईल असं नाही." यातला ऑपरेशन हा एकच शब्द तिच्या मनात राहिला. तिची थोरली बहीण मणक्याच्या ऑपरेशनला चालत गेली होती आणि स्ट्रेचरवरून घरी आली होती.

"काही कळतंय का?" वायरमनने आकडा पाचवर नेला, मग आठवर.

"मुंगीसुद्धा चावत नाही."

दोष शोधायची त्याची एक रीत होती. आधी सप्लाय, मग वायर, लोड म्हणजे करंटवर चालणारी वस्तू शेवटी. पंखा फिरत नसेल तर लगेच पंखा खोलायचा नाही. बहुतेक वेळा दोष भिंतीत निघतो. तीस वर्षांत या रीतीने त्याला कधी तोंडघशी पाडलं नव्हतं. त्याने सेल बदलले, वायरी ताणून पाहिल्या, नवे पॅड आणले. चार दिवसांनी निकाल दिला, "मशीनमध्येच दम नाही."

दुकानदाराने काचेवर दुसरं मशीन ठेवलं. "यात चार पॅड आहेत. कंबरवाल्यांना फार आवडतं."

"आवडीचं राहू द्या. जोर किती?"

"अहो वायरमन, माणसाला लावायचंय ना? पाण्याच्या पंपाला नाही."

दुसऱ्या मशीनने त्याच्या दंडाला असा हिसका दिला की हातातला चहा सांडला. ती हसली, खूप दिवसांनी. तिच्या पायाला मात्र काही कळलं नाही. तो दोन आठवडे पॅड वर-खाली सरकवत राहिला. दोष मशीनच्या नावावर जात होता आणि तिला ते सोयीचं होतं.

तो तिसऱ्यांदा दुकानात गेला तेव्हा दुकानदार म्हणाला, "वहिनींना परत डॉक्टरांकडे नेलंत का? नाहीतर रोग रेड्याला आणि औषध पखालीला."

"आधी धड मशीन द्या, मग म्हणी ऐकवा."

दुकानदाराने सगळ्यात जोराचं काढून दिलं.

त्या दुपारी वायरमनने आकडा शेवटापर्यंत नेला. ती मांडीवर अर्धी पँट घेऊन खालची पट्टी टाचत होती. अर्ध्या तासाने त्याने पॅड सोलला. खाली लाल चौकोन होता आणि एका कोपऱ्यात फोड आलेला.

"अगं, भाजलं की! सांगायचं नाही?"

तिने पायाकडे पाहिलं, शेजारणीचा पाय पाहावा तसं.

वायरमनने तोच पॅड तिच्या डाव्या पोटरीवर लावला. आकडा फक्त तीन.

"अहो, मेले ना मी!" पँट, सुई, दोरा सगळं जमिनीवर.

त्याने मशीन बंद केलं.

"कधीपासून?"

"पहिलं आणलंत त्याच्या आठ दिवस आधी. रस्त्यात चप्पल पायातून निघून गेली. मागून एक बाई ती हातात घेऊन आली, तेव्हा कळलं."

"आणि मी इथे मशीनं बदलतोय! बोलायचं नाही?"

"तुम्हीच म्हणालात, मशीन खराब आहे. म्हटलं, असेलही. जोराचं मिळालं तर पाय जागा होईल."

तो रिक्षा आणायला गेला.

डॉक्टरांनी पायाच्या अंगठ्याला पिन टोचली, मग तळव्याला. किती दिवस झाले, असं विचारल्यावर तिने बोटं मोजली. "सत्तावीस." डॉक्टरांचं पेन कागदावर थांबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. कळ पूर्ण गेली. पाऊल परत आलं नाही. सहा महिन्यांनीही ते चालताना फरशीवर फट्कन आपटत असे.

वायरमनने एका रविवारी शिलाई मशीन आडवं केलं, मोटरची वायर लांबवली आणि पॅडल डाव्या बाजूला बसवलं. आधी प्लगमध्ये टेस्टर घालून पाहिला, मग वायर तपासली. नंतर स्टुलाशी उकिडवं बसून त्याने तिचा डावा पाय हातात घेतला आणि तळव्यावर नख ओढलं.

"कळतंय हो," ती म्हणाली.

तिने सुईखाली कापड सरकवलं आणि सवय नसलेल्या डाव्या पायाने पॅडल दाबलं. मशीन एकदम सुसाट सुटलं. शिवण वाकडी जाऊन खिशावर चढली. तिने कापड काढलं, ब्लेड घेतलं आणि एकेक टाका उसवायला लागली.