चालत्या माशाची राखण

सरोजताई सुट्टीला निघाल्या आणि शार्क अनीसाच्या घरी राहायला आला.

शार्क म्हटलं की माणूस दचकतो. पण हा हातभर लांब, अंगभर ठिपके, परांच्या वर एकेक मोठा काळा डाग, आणि पोहायचा भारी कंटाळा. परांवर भार टाकत टाकीतल्या वाळूवरून चालायचा, पंगतीत जरा जास्तच झालेल्या व्याह्यासारखा.

कतारमधल्या मदिनत खलीफा वस्तीत एका व्हिलाचे तुकडे पाडून भाड्याने दिले होते. खाली अनीसा, तिच्या शेजारी सरोज, वर तसनीम. सरोजचे राजाभाऊ गॅस कंपनीत इंजिनिअर, माणसं नाशिकची. मासा त्यांनी लेकाच्या, अर्णवच्या हट्टापायी आणला, पण घर शाकाहारी. कोळंबीला हात कोण लावणार? रत्नागिरीची अनीसा होतीच. ती रोज जाऊन कोळंबी सोलून, चिरून घालायची आणि सरोज तिच्यापाशी मन मोकळं करायची. सासू, वाढतं वजन, राजाभाऊंचं घोरणं. अनीसाला हा सौदा फायद्याचा वाटे. कोळंबी काय, बाजारात मिळते. मनातलं सांगणारं माणूस कतारात कुठं मिळतंय?

"तुझ्याशिवाय कुणावर विश्वास नाही गं," निघताना सरोज म्हणाली.

"शाळा उघडेपर्यंतच ना, ताई? यल्ला, बिनघोर जा."

टाकीपायी तिच्या नवऱ्याचं, अबूबकरचं टीव्हीसमोरचं बसणं गेलं. "पाहुणा सुट्टीपुरता, न् हॉल सगळा त्याचा," तो कुरकुरला.

शाळा उघडल्या. अर्णव आला नाही. तिकिटं मिळत नसतील, असं अनीसानं स्वतःलाच समजावलं. मग एका दुपारी तसनीमनं नवा सोफा बघायला वर बोलावलं. अनीसा टेकली आणि तिला बसल्याबसल्या कळलं. याच सोफ्यावर तिनं सरोजच्या सासूचं सगळं पुराण ऐकलं होतं.

"हा सरोजताईंचा ना?"

"मग! शुक्रवारी तुम्ही गराफाला दावतीला गेलेला, तेव्हा माणसांनी वर चढवला. वॉशिंग मशीन पण मलाच. फायनल एक्झिट घेऊन कायमचं निघाल्यावर सामान कोण नेतंय कॅनडाला?" तसनीमचा कप हातातच राहिला. "तुला नाही बोलली? आम्हाला म्हणाली, अनीसाला सांगू नका, तिला वाईट वाटेल."

अनीसा चहा न पिता खाली आली. सोफा, मशीन, पडदे; जे ज्याला हवं ते त्याला मिळालं होतं. जे कुणालाच नको, ते विश्वासात गुंडाळून तिच्या दारात ठेवलं होतं.

त्याच आठवड्यात सरोजचा फोन आला.

"सांगणारच होते गं! पण यांचं पक्कं होईपर्यंत बोलायचं नव्हतं. दृष्ट लागते."

"तसनीमची नाही लागत?"

सरोजनं घाईनं विषय बदलला. "मासा कसा आहे?"

अनीसानं टाकीकडे पाहिलं. स्वारी दगडाला वळसा घालून रमतगमत येत होती.

"आमच्याकडं असल्याला मुशी म्हणतात, ताई. आंबट-तिखट कालवण केलं. भाताबरोबर संपला."

ती वाट बघत राहिली. सरोजनं रडावं, शिव्या घालाव्यात, काहीही करावं. तेवढं जरी झालं असतं तरी तिचं भागलं असतं.

"बरं," सरोज हळूच म्हणाली. "एका अर्थी सुटलोच. फक्त अर्णवला सांगू नकोस हं. इथंच येऊन उभा राहिलाय, बोलायचंच म्हणतोय. घे, बोल."

"आंटी, इज ही वॉकिंग?"

अनीसा टाकीपाशी सरकली. "चालतोय रे बाळा. आत्ताच दगडामागून निघाला. काचेला नाक लावून बसलाय."

"रिअली?"

"तुझी शपथ."

फोन पुन्हा सरोजकडे गेला. "किती छान सांभाळून घेतलंस गं! म्हणून तर तुझ्यावर माझा एवढा विश्वास."

अनीसानं फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?" अबूबकरनं विचारलं.

"विश्वास आहे म्हणाल्या," अनीसा म्हणाली, आणि फ्रीजरमधून कोळंबी काढून सोलायला बसली.