जॉर्ज कंडक्टरचं खिशांचं जाकीट

रॉबिनने पुण्याहून पार्सल पाठवलं तेव्हा मला वाटलं, बापासाठी स्वेटर असेल. निघालं एक खाकी जाकीट, बाह्या नसलेलं आणि नुसत्या खिशांचं. पुढे खिसे, खिशांवर खिसे, आत खिसे, आणि पाठीला एवढा मोठा खिसा की मेथीची जुडी मावावी. डोंगरात फोटो काढत हिंडणारे लोक घालतात ना, तसलं. मी लगेच पोराला फोन लावला. "अरे, तुझ्या बापाला आता उसातल्या बिबट्याचे फोटो काढायला पाठवतोस का?"

"मम्मी, आधी घालून तर बघू दे त्यांना," रॉबिन म्हणाला.

माझा स्वभाव तापट. जन्मभर नर्सची नोकरी केली, वॉर्डात माझा आवाज आला की पेशंटचे नातेवाईकसुद्धा सरळ उभे राहायचे. त्यामुळे यांचं हल्लीचं वागणं मला सोसत नव्हतं. चष्मा फ्रिजमध्ये, किल्ली तांदळाच्या डब्यात. दूध आणायला गेलेला माणूस नेवाशाच्या भर बाजारात उभा, आपण कशाला आलो ते आठवत. डॉक्टरांनी विसरण्याच्या आजाराचं नाव सांगितलं आणि म्हणाले, प्रत्येक वस्तूची जागा ठरवून टाका. आम्ही ठरवली. हे जागाच विसरले.

पण जॉर्ज एसटीत कंडक्टर होते, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं आणि मलाही त्याचा उपयोग सुचला नव्हता. कंडक्टरचं निम्मं काम डोळ्यांनी होतच नाही. गाडी खड्ड्यांतून उसळतेय, माणसं अंगावर येतायत, आणि हात न बघता सुट्टे इकडून काढतो, नोटा तिकडे सारतो. जाकीट अंगात गेलं आणि यांचे हात आपसूक कामाला लागले. किल्ली उजव्या खालच्या खिशात, मोबाईल डाव्या, चष्मा छातीवर, त्याच्या शेजारी दुपारची गोळी, पाठीमागे पाण्याची बाटली आणि पिशवी. मी एका शब्दानं काही सांगितलं नव्हतं. फक्त आतल्या खिशात नाव, पत्ता आणि माझा नंबर लिहिलेलं कार्ड घातलं.

"डोक्याचं काय घेऊन बसलीस, मरिया?" ते म्हणाले. "हातांना सगळं ठाऊक आहे."

आणि खरंच, वस्तू हरवायच्या बंद झाल्या. हे रोज सकाळी एकटे बाहेर पडायला लागले. मिशन कंपाउंडातून बाजार, बाजारातून स्टँड, स्टँडवर ओळखीच्यांशी चार शब्द, की घरी. पोरं म्हणायची, "जॉर्जमामा, मिल्ट्रीत भरती झाले काय?" यांना ते फार आवडायचं. कितीतरी महिन्यांनी मला बसून गरम चहा प्यायला मिळू लागला. मी आनंदात होते, हे कबूल करते.

एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"बाई, तुमी जॉर्जमामाच्या घरच्या का? मी लंकाबाई बोलतीय, पाथर्डीची. मामा हितं आमच्या गाडीत हायती. तिकिटं मागाया लागल्यात."

"कसली तिकिटं? ते रिटायर होऊन कैक वर्षं झाली!"

"व्हय, पर त्येंला कोन सांगनार? खरा कंडक्टर स्टँडावरच ऱ्हायलाय. मामाच्या खिशात तुमचं कार्ड घावलं. मी डायवरला सांगितलंय, म्होरल्या भेंडा गावाला थांब म्हनून. तुमी या, घाबरू नगा."

शेजारच्या कल्याणने जीप काढली. सगळ्या वाटेवर मी कल्याणवर, रस्त्यावर आणि उसाच्या ट्रॅक्टरवर ओरडत होते. घाबरले की मी अशीच ओरडते.

भेंड्याला बस रस्त्याच्या कडेला उभी होती. ड्रायव्हर तरुण होता, कपाळाला हात लावून खाली उभा. घडलं होतं ते एवढंच. कंडक्टर गाडीची नोंद करायला स्टँडच्या खिडकीवर गेला होता. दार उघडं होतं. हे चढले, दार ओढलं, मागे नजर टाकून दोनदा घंटी मारली आणि गाडी सुटली.

"मावशी, घंटी अशी मारली ना," ड्रायव्हर म्हणाला, "की मागं बघायची गरजच वाटली नाही."

मी आत चढले. हे बसच्या मधोमध उभे होते, एक खांदा सीटच्या दांडीला टेकवलेला, पाय फाकवून, जाकिटाचे खिसे उघडे. पिशवीतल्या वर्तमानपत्राचे बारीक बारीक तुकडे करून त्यांनी सगळ्यांना वाटले होते. आणि सगळ्या लोकांनी ते तुकडे हातात नीट धरले होते, कुणीही हसत नव्हतं. पुढच्याच सीटवर डोक्यावरून पदर घेतलेली, मांडीवर गाठोडं घेतलेली बाई होती. तीच लंकाबाई.

"मी म्हनलं, मामा, बायांना आता अर्धं तिकीट हाय," ती हळू आवाजात मला सांगू लागली. "तर म्हनले, वरनं लेखी आल्याबिगर अर्धं देता यायचं न्हाई. लई कडक मानूस. मग घेतलं बाई पुरं."

यांनी मला पाहिलं आणि चेहरा उजळला. "अगं मरिया! तू इकडं कुठं? ही पाथर्डी गाडी आहे."

इतका टवटवीत चेहरा मी किती तरी दिवसांत पाहिला नव्हता. आणि मी काय केलं? भरल्या गाडीत त्यांच्यावर खेकसले. "खाली उतरा आधी! लाज नाही वाटत?" त्यांचे खांदे पडले. एकेक खिसा नीट बंद करत ते माझ्यामागून उतरले.

खरा कंडक्टर कुणाच्या तरी मोटारसायकलवरून मागून आला. भला माणूस, तक्रार केली नाही. फक्त म्हणाला, "मावशी, ह्यांना एकटं सोडू नका आता."

रॉबिनही फोनवर तेच म्हणाला. पप्पांचं बाहेर जाणं बंद करायचं, नाही जमलं तर दोघांनी पुण्याला यायचं. त्याचा फ्लॅट वरच्या मजल्यावर, खाली वॉचमन, काळजी नाही. पोराचं चुकत नव्हतं. पण कोंडून ठेवलेला म्हातारा किती झपाट्याने विझतो ते मी वॉर्डात पाहिलं होतं. तरी घाबरून मी जाकीट कपाटात टाकलं आणि दाराला आतून कुलूप लावलं.

हे बनियनवर खाटेवर बसून राहिले. मागितलं काहीच नाही. फक्त हात फिरत राहिले, छातीवरून कमरेवर, कमरेवरून पुन्हा छातीवर. जेवताना घास हातात धरून डावा हात काहीतरी चाचपायचा. रविवारी चर्चला जाताना दारातच थांबले आणि म्हणाले, "माझी ड्युटी काढून घेतली का?" उपासनेत मी काय ऐकलं ते मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः त्यांच्या अंगात जाकीट चढवलं.

"कुठं जायचं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या रूटवर. पण आजपासून ड्रायव्हर मी."

तसंच चालू केलं. मी पुढे, हे मागे. खांद्यावर बोटाने दोनदा टकटक केलं की मी चालायचं, एकदा केलं की थांबायचं. भाजीवालीपाशी एक टकटक, नदीच्या रस्त्याला वळताना दोन. लोक हसले. हसू देत. मी रॉबिनला कळवून टाकलं, पुण्याला येत नाही, गाडी चालू आहे. तो म्हणाला, "मम्मी, दमशील गं." दमते, खोटं कशाला बोलू. पण हे रात्री शांत झोपतात आणि सकाळी माझ्याआधी चपला घालून तयार असतात.

काल आम्ही स्टँडबाहेरच्या बाकावर टेकलो होतो. हे माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग अदबीनं म्हणाले, "बाई, तुम्हाला कुठं जायचंय?"

हा दिवस येणार हे मला माहीत होतं. कितीतरी बायकांना मी वॉर्डाच्या दारात धीर दिलाय, म्हटलंय की असं होतं, मनाला लावून घेऊ नका. स्वतःवर आलं तेव्हा त्यातलं एक वाक्य उपयोगी पडलं नाही.

"तुम्ही जाल तिथं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि माझं तिकीट शोधायला लागले. छातीवरचे खिसे पाहिले, खालचे पाहिले, आतला पाहिला, अंग वळवून पाठीचाही चाचपला. एकाही खिशात तिकीट नव्हतं. बायांना अर्धं तिकीट न देणारा माणूस, तो इकडे तिकडे पाहून माझ्याकडे झुकला.

"तिकिटं संपलीत," ते हळूच म्हणाले. "पण तुम्ही बसा. तुम्हाला सोडून गाडी जायची नाही."

मी पदराने डोळे पुसले आणि बसून राहिले.