रुद्राणीच्या भुतांचा टोप

मी केसांचा एक जुना टोप आहे मित्रांनो, आणि तोही भुताचा! लांब, काळा, गुंतलेला. माझा जन्म लातूरच्या एका स्वयंपाकघरात झाला. शाळेच्या गॅदरिंगमध्ये रुद्राणीला हडळ व्हायचे होते. म्हणून तिच्या आईने, उमाबाईंनी, दोर वळायचा अंबाडीचा वाख काळ्या रंगात बुडवला आणि जुन्या टोपीवर शिवून टाकला. त्या दिवशी पुढच्या रांगेतली निम्मी पोरे भोकाड पसरून रडली. काय सांगू, मला इतका आनंद झाला!

पुढे रुद्राणी सिनेमात गेली आणि तिच्या पेटीत बसून मीही गेलो. एकोणीस वर्षांची पोर, पण तिने डोळे वर केले की कॅमेरावालासुद्धा दचकायचा. दोन सिनेमे झाले, टीव्हीवर एक मालिका झाली, आणि सगळीकडे ती भूतच झाली.

तिचे वडील माणिकप्पा डाळीचे व्यापारी. त्यांनी तिचे एकही काम पाहिले नव्हते. "आपल्यात माणूस गेलं की लिंगैक्य होतं, शिवात मिळतं," ते म्हणायचे. "मागं भूत उरतंयच कुठं? मग ही पोरगी कशाची भुतं करून राहिलीय?"

तिसऱ्या सिनेमाचे पत्र आले तेव्हा त्यांनी स्पष्टच सांगितले, "एकच काम दाखव. भ्यालो तर जा. न्हाई भ्यालो तर ही सोंगं बंद."

रुद्राणी "हाव" म्हणाली खरी, पण तिचा चेहरा पार उतरला.

रविवारी भाड्याने व्हिडिओ आणायचे ठरले. दाखवायचे काय? रुद्राणी, उमाबाई आणि मैत्रीण पंचशीला तिन्ही कामांना नंबर द्यायला बसल्या. उमाबाईंनी मालिकेला पहिला नंबर दिला. "पांढऱ्या साडीत माझी लेक किती गोड दिसती!"

"काकू, भूत गोड दिसून काय उपयोग?" पंचशीला म्हणाली.

मला विचाराल तर ती मालिका सगळ्यांत शेवटी. तिथे तिला नायलॉनचा टोप घातला होता. जळतो म्हणा हवे तर! पहिल्या सिनेमात ती लिंबाच्या झाडामागून एकदाच डोकावते, त्याला दुसरा नंबर. आणि पहिला नंबर अर्थातच दुसऱ्या सिनेमाला, 'कोरडी विहीर'ला. लातूरचा नवा जिल्हा होऊन चारच वर्षे झाली होती आणि दुष्काळ असा की सिनेमावाल्यांना औशाजवळ लागेल तेवढ्या कोरड्या विहिरी मिळाल्या. त्यात विहिरीच्या काठावरून आधी मी वर येतो आणि मग तिचा चेहरा. शेवटी तीच कॅसेट ठरली.

रविवारी दुपारी खिडक्या लावल्या. मी रुद्राणीच्या मांडीवर होतो. तिची बोटे माझ्यात रुतली होती. पडद्यावर मी विहिरीतून वर आलो. पंचशीलाने डोळे झाकले. आणि माणिकप्पा? ते पोट धरून हसायला लागले!

"अगं, ह्यो तर अंबाडीचा वाख हाय की!"

मेल्याहून मेल्यासारखे झाले मला. रुद्राणीच्या डोळ्यांत पाणी आले. सगळे संपले असेच वाटले.

पुढे सिनेमात त्या भुताची मागची गोष्ट सुरू झाली. आता रुद्राणी जिवंत मुलगी होती, साध्या वेणीतली. हातात दोर आणि बादली. पाणी दिसते का ते बघायला ती विहिरीवर वाकली. तिच्या पायाखालची माती हलली. माणिकप्पा ताडकन उठले आणि दोन्ही हात पुढे करून टीव्हीकडे धावले.

"रुद्रे, मागं सर! काठ ढासळून राहिला!"

"अप्पा, मी हितं हाय."

त्यांनी वळून तिचा हात घट्ट धरला.

"लई भ्यालो गं," ते म्हणाले. "जा तू. पण विहिरीच्या काठाला उभं राहू नको."

मग ते स्वतःच हसले, आणि सगळे घर हसले.

मित्रांनो, त्या प्रसंगात मी तिच्या डोक्यावर नव्हतोच. तो पहिला नंबर तिचा एकटीचा. कबूल करताना थोडे दुखले, पण आनंद त्याहून मोठा होता. आता मी पेटीत असतो. मला अधूनमधून ऊन दाखवा, नाहीतर कसर लागेल. आणि तुमच्या घरात कुणी काही करत असेल, तर न बघता नावे ठेवू नका. शेजारी बसा आणि शेवटपर्यंत बघा. आमचे माणिकप्पा तर तिचा पुढचा सिनेमा सात वेळा बघून आले, आणि सातही वेळा भ्याले.