चंद्रोदयाआधीचा नैवेद्य

डोंगर चढताना लोक पायाखालची वाट बघतात, मी यांचं कपाळ बघत होते. आमच्या यजमानांना, मुरलीधरांना, मधुमेह. रोज सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन आणि त्यावर वेळेत खाणं. खाणं चुकलं की शुगर उतरते, कपाळाला घाम येतो, माणूस बरळायला लागतो, आणि मग... त्या ‘मग’च्या धास्तीने मी पर्समध्ये कायम ग्लुकोजचा पुडा बाळगते.

त्यात त्या शुक्रवारी संकष्टी. इशिता झाल्यापासून यांचा उपास. चंद्र उगवून बाप्पाला मोदक दाखवल्याशिवाय सोडायचा नाही. डॉक्टरांनी कानउघाडणी केल्यावर निदान साबुदाण्याची खिचडी तरी खायची, असं मी भांडून कबूल करून घेतलं होतं. सकाळी डबा भरून दिला. मी गाडीत मागच्या सीटवर पेंगत असताना हे म्हणाले, “खाल्ली गं.” मी विश्वास ठेवला. चुकलंच माझं.

डोंगराचं खूळ इशिताचं. दुबईत करामातल्या आमच्या फ्लॅटमध्ये तिच्या पलंगाशेजारच्या भिंतीवर एका जुन्या कॅलेंडरमधलं स्वित्झर्लंडचं चित्र होतं: हिमनदी आणि तिच्या पायथ्याशी हिरवंगार कुरण. “व्हेन आर वी गोइंग, बाबा?” पोरगी विचारायची. स्वित्झर्लंड कुठलं परवडायला! पण दोन हजार एकच्या जानेवारीत रास अल खैमाच्या डोंगरांत पाऊस झाला आणि यांच्या वर्कशॉपमधला अन्वर, आपला रत्नागिरीचा, सांगत आला की वरच्या जुन्या शेतांत गवत उगवलंय. हे लगेच पोरीला म्हणाले, “बर्फ नाही, पण कुरण दाखवतो.”

अन्वरने पायथ्याशी सोडलं. “जुम्मा पढून येतो, वहिनी. यल्ला, चला, तोवर जाऊन या,” म्हणत पिकअप घेऊन तो गावातल्या मशिदीकडे गेला. माझी पर्सही त्या पिकअपमध्येच गेली, कारण आमच्या कन्येने नाक मुरडलं होतं, “आई, नोबडी हाइक्स विथ अ पर्स!” तळलेल्या मोदकांचा डबा मात्र तिच्या सॅकमध्ये होता. परतायला उशीर झाला तर वाटेतच नैवेद्य दाखवता यावा म्हणून मी तो घेतला होता.

निम्म्या वाटेवर यांच्या थट्टा थांबल्या. कपाळ चमकत होतं.

“घाम का आलाय?”

“ऊन आहे.”

वारा एवढा गार होता की इशिताने जॅकेट घातलं होतं. पर्स आठवली तेव्हा मागे फिरण्यापेक्षा वर पोचून यांना बसवणं सोपं होतं.

वर खरंच गवत होतं. दगडी बांधांमधले हिरवे तुकडे, पिवळी फुलं, दोनचार शेळ्या. “इट्स ॲक्च्युअली ग्रीन!” इशिता ओरडत पळाली. हे तिथेच उभे राहिले आणि म्हणाले, “बर्फ कुठंय?”

मला वाटलं, गंमत करताहेत.

“बर्फ वितळला का गं?” म्हणत हे मटकन खाली बसले. हात बर्फासारखे गार, कपडे भिजलेले.

“खिचडी खाल्लीत ना? खरं सांगा!”

हे लहान मुलासारखे हसले. “अन्वर उपाशी होता गं.”

मला त्यांना बदडून काढावंसं वाटलं आणि मिठीही मारावीशी वाटली. अन्वर नमाजात, मोबाइलला रेंज नाही, ग्लुकोज खाली पिकअपमध्ये. मी सॅकमधून डबा ओढला, मोदक फोडला, गुळाचं सारण यांच्या तोंडाशी नेलं. यांनी दात आवळले. “चंद्र... नैवेद्य नाही दाखवला.”

खरं सांगते, माझाही हात क्षणभर अडला. मग मी चिडले, रडले, जबडा उघडायला गेले, सारण हनुवटीला माखलं. यांची मान कलायला लागली होती.

इशिताने माझा हात बाजूला केला. ही पोरगी आरतीला नुसते ओठ हलवते, मला वाटायचं हिला काही येत नाही. तिने मूठभर गवत उपटलं, दूर्वा होती की दुसरंच काही देव जाणे. एक मोदक दगडावर ठेवला, त्यावर पातं ठेवलं, बाटलीतलं पाणी भोवती फिरवलं आणि चक्क मराठीत म्हणाली, “बाप्पा, तू खा. पटकन खा. मग माझ्या बाबाला दे.”

यांनी तोंड उघडलं.

थोडं थोडं सारण, घोट घोट पाणी. आम्ही दोघी यांच्या तोंडाकडे बघत बसलो. मला दुसरं काही दिसत नव्हतं. बऱ्याच वेळाने इशिताने विचारलं, “बाबा, बर्फ कुठंय?”

“वेडी आहेस का? इथे कसला बर्फ?”

मी हमसून हमसून रडले.

संध्याकाळी घरी पोचल्याबरोबर मी वरणभात वाढला. हे ताटावर बसले आणि खिडकीकडे बघायला लागले. चंद्र उगवायला अवकाश होता. मी डाव हातात घेऊन तशीच उभी राहिले. हे उठतील म्हणून माझा जीव टांगणीला.

इशिताने पुढे होऊन पडदा ओढला. “संकष्टी खलास, बाबा. मी बाप्पाला सांगितलंय. जेवा.”

यांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि भात कालवायला घेतला.